आप्पा डॉक्टरांच्या वर्गातला नारळ

मी नारळ बोलतोय. हसू नका. माझ्या डोक्याला भोक आहे, आणि ते सुताराने पाडलेलं नाय, मुंबईच्या मोठ्या सर्जनने पाडलेलं आहे. दाखवा असा दुसरा नारळ अख्ख्या रत्नागिरीच्या बाजारात!

आधीच तुमच्याशी एक पैज लावतो. माझ्या गोष्टीत एक म्हातारा डॉक्टर आहे, त्याची बायको आहे, शिकणारी दोन पोरं आहेत, माडावर चढणारा एक गडी आहे, तो मुंबईचा सर्जन आहे आणि मी आहे. शेवटी यातल्या एकाला किंमत मोजावी लागली. पैशात नाय हां. कोणाला, आणि कसली, ते आत्ताच ओळखून ठेवा. तुम्ही म्हणाल, नारळाचीच गोष्ट, म्हणजे फुटणार तो नारळच. म्हणा, म्हणा. शेवटाला बघू.

माझा जन्म आप्पा डॉक्टरांच्या आगरातल्या माडावर. वरून बंदर दिसायचं. आगबोट लांब उभी राहायची आणि माणसं पडावात बसून ओकत ओकत किनाऱ्याला यायची. मला लय मजा वाटायची. तुम्हा माणसांचं एक असतं बघा, पडावात उलटी झालेला माणूस धक्क्यावर उतरला की पहिलं काय करतो? टोपी सरळ करतो.

आमचा माड चढायला भागोजी यायचा. कमरेला कोयता, तोंडात पानाचा तोबरा. तो वर आला की मी झावळीआड दडी मारायचो. बाकीची पेंड धपाधप खाली, आणि मी वरच. असं दोनदा चुकवलं त्याला. शेवटी देठच सुकला आणि एका सकाळी मी आपला आपण सुटलो, तो थेट न्हाणीच्या बाहेर ठेवलेल्या तांब्याच्या घंगाळावर! असा आवाज झाला की शेजारची मालन कुंपणापाशी धावली.

आप्पा तर अर्धी दाढी केलेले, तसेच साबण लावलेल्या तोंडाने बाहेर आले. "कोण पडलं? कोण पडलं रे माडावरून?"

"कोण नाय, आप्पा. नारळ पडला," भागोजी म्हणाला.

आप्पा तिथेच पायरीवर बसले. उरलेली दाढी विसरलेच. मी मनात म्हटलं, एवढ्या मोठ्या माणसाला नारळाची कसली भीती! कारण नंतर कळलं. भागोजीचा भाऊ बाबल्या. तो आदल्या वर्षी पूर्णगडला माडावरून पडला होता. पडला तो उठला, अंग झाडलं, सगळ्यांना हसला, पेज मागून जेवला. तिथल्या नव्या डॉक्टरने सांगितलं, काय झालं नाय, झोपू द्या. बाबल्या झोपला तो झोपलाच. आप्पांना निरोप पोचेस्तोवर सगळं आटपलं होतं.

आप्पा मोठ्या लढाईत मेसोपोटेमियाला जाऊन आलेले. सोल्जरांची फुटलेली डोकी उघडून त्यांनी माणसं वाचवलेली. तिथून एक हत्यार आणलं होतं, हाताने फिरवायचं, खाली वाटोळे दात. त्याला इंग्रजी नाव आहे, मला येत नाय. भागोजी त्याला डोक्याचं गिरमिट म्हणायचा. कवटीला लावून फिरवलं की रुपयाएवढी चकती निघते, आणि आत साचलेलं रक्त बाहेर येतं. बाबल्याला तेवढंच हवं होतं. आणि ते गिरमिट त्या दिवशी आप्पांच्या कपाटात होतं.

त्यावरून आप्पांनी मनाशी धरलं, की मे महिन्यात मुंबईहून डॉक्टरीची जी पोरं रत्नागिरीला सुट्टीला येतात, त्यांना डोक्याचं शिकवायचं. डिग्री मिळायच्या आधीच.

आता डोकी आणायची कुठून? रत्नागिरीत डोकी कमी नाहीत, पण उघडायला कोण देणार! तेव्हा आप्पांनी नारळ काढले.

पण तोवर मला माळ्यावर टाकलं होतं. घंगाळाला पोचा आणला म्हणून यमुनाबाईंचा, म्हणजे आप्पांच्या बायकोचा माझ्यावर राग. "ठेवा तो मेला वर," म्हणाल्या, आणि विसरल्या. चुलीच्या वरचाच माळा. खालून धूर, वरून कौलं तापलेली. माझ्या पोटातलं पाणी आटत गेलं. खोबरं सुकलं, करवंटीपासून सुटलं आणि आत गोळा होऊन बसलं. असल्या नारळाला गोटा म्हणतात. हलवला तर आत खडखड वाजतो. आपल्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून तर बाजारात कोणीही नारळ घेतला की आधी कानाशी धरून हलवतो. लग्नाला मुलगी बघताना एवढं बघत नाहीत.

माळ्याच्या फटीतून मला खालची पडवी दिसायची. तिथेच वर्ग भरायचा. दोन विद्यार्थी. एक कुसुम, इथल्याच हायस्कुलातल्या मास्तरांची मुलगी, बारीक, चष्मेवाली, बोलायला फटकळ. दुसरा काशीराम, लांज्याकडचा, बाप मुंबईला गिरणीत. हात असे मोठे, की गिरमिट त्याच्या मुठीत दिसायचंच नाय.

आप्पा एक सोललेला नारळ चुंबळीवर ठेवायचे, डोक्यावर घागर घेताना ठेवतात ना, ती कापडाची चुंबळ. नारळाला पंचाचं मुंडासं बांधायचे आणि म्हणायचे, "हा सखाराम. काल आंब्यावरून पडला. आता करवंटी म्हणजे याची कवटी. तिच्या आत तपकिरी साल, ते मेंदूवरचं पातळ आवरण. खोबरं म्हणजे मेंदू. कवटीची चकती काढायची, पण आवरणाला ओरखडा जाता कामा नये. पाण्याचा एक थेंब जरी बाहेर आला—"

"तर सखाराम मेला," काशीराम म्हणायचा.

"आणि त्याच्या बायकोला तू सांगायचंस."

पहिल्या दिवशी काशीरामने गिरमिट असं दाबलं की पाण्याची चिळकांडी आप्पांच्या चष्म्यावर. दुसरा नारळ कुसुमने मारला. तिसरा पुन्हा काशीरामने. स्वयंपाकघरात सोलकढी झाली, नारळीभात झाला, वड्या झाल्या. पुढे पुढे घरात आमटीत खोबरं, भाजीत खोबरं, आप्पांच्या डोक्याला खोबरेल. मालन कुंपणावरून विचारायची, "काय काकू, आज किती गेले?"

"दोन गेले, एक अत्यवस्थ आहे," यमुनाबाई सांगायच्या.

शेवटी त्या पदर खोचून पडवीत आल्या. "हे बघा, तुमच्या मेलेल्यांचं मी एकटी किती निस्तरू? आजपासून माझा कायदा. ज्याच्या हातून गेला, त्याने इथे बसून खवायचा. मग तो डॉक्टर असो की डॉक्टरचा बाप."

"मान्य," आप्पा म्हणाले.

"तुम्हालाही लागू आहे हो."

त्या कायद्याने जे काम केलं ते आप्पांच्या बोलण्याने झालं नव्हतं. काशीराम विळीवर बसून नारळ खवताना दिसला की भागोजी मुद्दाम समोर येऊन उभा राहायचा. "काय डाक्टर, कवा करताव लगीन? सून म्हणून चांगला दिसशाल." दोन दिवसांत काशीरामचा हात हलका झाला.

पण आप्पा गिरमिट लगेच हातात द्यायचे नाहीत बरं का. आधी पेशंट बघायचा. कुठून पडला, पडल्यावर शुद्ध गेली का, मधे बरा होता का, आता झोप येते का, एका डोळ्याची बाहुली मोठी झाली का. हे सगळं सांगायचं, मगच हत्यार. आणि सगळ्यात आधी नारळ कानाशी धरून हलवायचा. आतून पाणी खळखळलं तर पेशंट जिवंत. आप्पा म्हणायचे, "हात शिकायला वर्षं लागतील. बघायला आजच शिका. बाबल्यासाठी हात इथे होता. बघणारा नव्हता मिळाला."

हे म्हणताना भागोजी तिथेच असायचा. तो तेवढ्यापुरता पान थुंकायला बाहेर जायचा.

मे सरत आला. पावसाच्या आधीची शेवटची आगबोट दोन दिवसांवर आली, आणि तेव्हाच आप्पांकडे त्यांचे जुने दोस्त उतरले, बावडेकर सर्जन. जन्म बुरोंडीचा, पण चड्डीत असताना मुंबईला गेले ते आंबे खायलाच परत यायचे. अंगात कोट, बोटात अंगठी, आणि हात असे मऊ गोरे की यमुनाबाई म्हणाल्या, "भावजी, लोणी लावता की काय?" कुसुम आणि काशीरामच्या कॉलेजात हेच शिकवायचे. त्यांना बघताच काशीरामने पडवीतून आगरात उडी मारली. कुसुमने धरून आणला.

पडवीतली मुंडाशी बांधलेली नारळांची रांग बघून बावडेकर आधी पोट धरून हसले. मग गंभीर झाले.

"आप्पा, हा पोरखेळ बंद करा. ह्यांना अजून गळू कापता येत नाही, आणि तुम्ही डोकं उघडायला शिकवता? उद्या हे गावोगाव जाऊन भोकं पाडतील. आधी डिग्री, मग माझ्यासारख्याच्या हाताखाली दहा वर्षं नुसतं उभं राहायचं."

"दहा वर्षं बाबल्या थांबला नसता," आप्पा म्हणाले. "इथून मुंबई आगबोटीने. पावसाळ्यात तीही नाही. माडावरून पडणारा माणूस बोटीचं वेळापत्रक बघून पडतो का?"

"हे बोलायला ठीक. ही मुलगी एक थेंब न सांडता चकती काढेल?"

"काढेल."

"सांडला तर?"

आप्पा उठले. मग कपाटातून गिरमिट काढून त्यांनी सगळ्यांच्या मधे ठेवलं. "सांडला तर हे तुम्ही बोटीतून घेऊन जा. वर्ग बंद. पुन्हा उघडणार नाही. पण नाही सांडला, तर कॉलेजात डिग्रीच्या आधीच्या पोरांना तुम्ही स्वतः हे शिकवायचं."

"कबूल. आणि कसं करायचं ते आधी मी दाखवतो."

तोवर मीही माळ्यावरून खाली आलो होतो. पण मी काय खाली उडी नाय मारली. झालं असं, की नारळ कमी पडले म्हणून भागोजीने सकाळीच माळा झाडून काढला होता, आणि मला सोलून टोपलीत टाकलं होतं. कुसुमने एकेक नारळ कानाशी धरून हलवला. माझी पाळी आली. खडखड! "हा आधीच गेलाय," म्हणाली आणि मला खांबाआड ठेवून दिलं. माझा अपमान झाला. एवढा मोठा, गोल, चकचकीत नारळ मी! बाकीचे माझ्यापुढे लिंबं.

बावडेकरांनी कोट काढला, बाह्या दुमडल्या, रांगेवरून नजर फिरवली आणि नेमके खांबाआड बघून थांबले.

"अस्सं! सोपे सोपे पुढे, आणि हा कठीण मागे लपवलाय होय? हाच घेतो मी."

"सर, तो नारळ—" कुसुम म्हणाली.

"ऑपरेशनच्या वेळी बोलायचं नाही."

"पण सर, तो आधीच—"

"मिस, माझ्या थिएटरात नर्ससुद्धा शिंकत नाही!"

कुसुमने आप्पांकडे बघितलं. आप्पा मिशीत बोट घालून छताकडे बघत होते. काशीरामने तोंडात पंचा कोंबला. भागोजीने मला अलगद, अगदी दोन्ही तळव्यांत धरून उचललं, बिलकूल न हलवता, आणि चुंबळीवर बसवलं. वर मुंडासंही बांधलं. मी श्वास रोखला. आतला गोळा जरा जरी हलला असता तर सगळी मजा गेली असती.

बावडेकरांचा हात मात्र खरंच सोन्याचा, खोटं कशाला बोलू. गिरमिट माझ्या डोक्यावर टेकलं आणि गरगर फिरलं. गुदगुल्या झाल्या. चकती अशी सुटली की जशी पानाच्या डब्याची झाकणी. आत वारा आला. किती दिवसांनी!

"बघा," ते म्हणाले. "थेंब नाही. याला म्हणतात हात."

"वा," आप्पा म्हणाले. "कुसुम, आता तू."

कुसुमने आपला नारळ उचलला, कानाशी धरला, हलवला. खळखळ. मग त्याची हकिकत सांगायला लागली. "हा शिवा. माडावरून पडला, थोडा वेळ शुद्ध गेली, मग उठून बोलला, आता पुन्हा झोपतोय, डावी बाहुली मोठी आहे."

"वेळ घालवते," बावडेकर पुटपुटले.

तिने गिरमिट लावलं. हळू. थोडं फिरवी, थांबे, भुसा फुंकी, सुईच्या टोकाने चर चाचपून बघी. पडवीत कोणी हलेना. यमुनाबाई दारात उभ्या, हाताला पीठ. आप्पा छताकडे बघत नव्हते आता. त्यांची नजर त्या गिरमिटावर, आणि ओठ हलत होते, देवाचं नाव घेत होते की शिवाचं, ठाऊक नाय. एका जागी गिरमिटाचा आवाज बदलला. कुसुम थांबली. तिच्या नाकावरून घामाचा थेंब निघाला, टोकाला लोंबला. तो नारळावर पडला असता तर बावडेकरांनी पाणीच सांडलं म्हणून ओरड केली असती. भागोजीने झटक्यात मुंडाशाच्या पदराने तिचं नाक पुसलं. भागोजीला लोक नुसता गडी समजत होते, त्या घडीला तो नर्स झाला.

टक्क. चकती उचलली. खाली तपकिरी साल, अख्खी, ओरखडा नाय. पाणी आतल्या आत.

काशीरामने आरोळी ठोकली. आप्पांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसतच राहिले.

"ठीक आहे, ठीक आहे," बावडेकर म्हणाले. "पैज मी हरलो, शिकवीन. पण माझी चकती हिच्या निम्म्या वेळात निघाली हे लक्षात ठेवा."

"आहेच," आप्पा म्हणाले. "आता आमच्या वर्गाची एक रीत आहे. शेवटी पेशंटला उठवायचं. भोकावर बोट ठेवा आणि कानाशी धरून हलवा."

कुसुमने हलवला. खळखळ. शिवा जिवंत.

बावडेकरांनी मला उचललं. ऐटीत कानाशी धरलं. आणि हलवलं.

मी इतका वेळ दाबून धरलेलं सगळं सोडून दिलं. खड! खड! खडखड! देवळातल्या चौघड्यासारखा वाजलो.

त्यांचं तोंड झालं पडावातून उतरलेल्या माणसाचं होतं तसं. हात आपोआप डोक्याकडे गेला, टोपी सरळ करायला. टोपी नव्हतीच.

"बावडेकर," आप्पा शांतपणे म्हणाले, "तुम्ही फार सुंदर ऑपरेशन केलंत. फक्त पेशंट गेल्या वर्षी मेला होता."

"बुरोंडीत जन्मलात ना ओ?" भागोजीने विचारलं. "तिथं नारळ न हलवता घेत्यात?"

"अरे, पण याला मुंडासं होतं! मी त्याला नारळ समजलोच नाही, पेशंट—"

"पेशंटला तरी बघतात ना, सर?" कुसुम म्हणाली.

बावडेकरांनी मला परत चुंबळीवर ठेवलं. मग एकदम जे हसायला लागले ते खांबाला टेकूनच. चांगला माणूस होता तो, उगाच नावं ठेवायची नाहीत. पुढच्या साली कॉलेजात त्याने पहिल्या दिवशी टेबलावर नारळ ठेवला आणि पोरांना म्हणाला, आधी हलवा. काशीरामने सुट्टीत येऊन हे सांगितलं. आणि कुसुम शिकून पूर्णगडच्या दवाखान्यात बसली. तिथल्या माडावर चढणाऱ्यांच्या बायका तिला ओळखून आहेत. नवरा पडला आणि उठून हसायला लागला, तरी आता त्याला कोणी झोपू देत नाय, आधी तिच्याकडे नेतात.

माझं म्हणाल तर भागोजीने तिथेच भोकातून सळी घालून आतला गोटा तुकडे तुकडे करून काढला आणि मला आपली गुडगुडी केलं. नळी खुपसली, पोटात पाणी भरलं. माळ्यावर कोरडा झालेला मी, आता रोज गुडगुडतो. भागोजी दम मारतो आणि कधी कधी माझ्या भोकाकडे बघत बसतो. मला ठाऊक आहे तो कोणाची आठवण काढतो. तेव्हा मी मुद्दाम जोरात गुडगुड करतो, की तो खोकतो आणि मला शिवी देतो. बरं वाटतं त्याला. तुम्हाला एकच सांगणं, बाबांनो. नारळ असो की माणूस, हातात घेतलात तर आधी हलवून बघा. माणसाला जरा हळू.

हां, किंमत राहिली. ओळखलीत? नारळ म्हणालात ना? चुकलात.

त्या दिवशी हसणं थांबलं, तेव्हा यमुनाबाई दारातून आत गेल्या आणि हातात काहीतरी घेऊन बाहेर आल्या. "भावजी, घरचा कायदा माहीत आहे ना? ज्याच्या हातून गेला, त्याने खवायचा."

"पण वहिनी, तो माझ्या हातून गेला नाही! आधीच गेला होता! आत्ताच सगळ्यांनी सांगितलं!"

"म्हणूनच विळी नाही आणली. ओला असता तर खवला असता. हे सुकं खोबरं, हे किसणीवरच किसावं लागतं." आणि किसणी व भागोजीने नुकतेच काढलेले माझे तुकडे भरलेली परात त्यांच्यासमोर ठेवली.

सुक्या खोबऱ्याचा तुकडा किसणीवर शेवटी केवढुसा उरतो, ते ज्याने किसलंय त्याला ठाऊक. मुंबईच्या सर्जनला नव्हतं. अंगठ्याची साल गेली, दोन बोटांची गेली. पट्टी कुसुमने बांधली. आणि शेवटच्या आगबोटीवर सगळे हाताने आमटीभात कालवत असताना, बुरोंडीत जन्मलेला एक माणूस डाव्या हाताने चमचा धरून, शर्टावर आमटी सांडत सांडत मुंबईला गेला.